पुरःस्थ
शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर पहारेकरी उभा असावा, तशी मूत्राशयाच्या मुखाशी बसलेली ग्रंथी म्हणजे पुरःस्थ, आपल्या बोलण्यातली प्रोस्टेट. संस्कृतात पुरः म्हणजे पुढे, स्थ म्हणजे उभा. ग्रीक ‘प्रोस्टाटेस’ म्हणजेही पुढे उभा राहणारा. त्यातला ‘स्टा’ आणि आपला ‘स्था’ सगोत्र. अर्थ आणि नाद दोन्ही जपणारा असा पारिभाषिक शब्द क्वचितच सापडतो. उतारवयात ही ग्रंथी वाढते, मूत्रमार्ग आवळते. शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यांत, जिथे संडास चौकापलीकडे, तिथे रात्री पुन्हापुन्हा उठणं आजोबांना किती जड गेलं असेल! मूत्ररोगतज्ज्ञ यावर औषध देतात, गरज पडल्यास शस्त्रक्रिया करतात. मुतखडा, स्त्रियांचे मूत्रविकारही तेच पाहतात. धार बारीक झाली, तर संकोच न करता त्यांना दाखवा.