मूत्रपिंड-परिचर्या आणि पदनामांचा इतिहास

हुडकेश्वरच्या मूत्रपिंडरुग्णांचा मोठा शासकीय आधार म्हणजे १९४७ साली स्थापन झालेले नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय. राज्यसेवेतील परिचारिका तेथे अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशा पायऱ्या चढते. ‘अधि’ म्हणजे वर, ‘परि’ म्हणजे सभोवती. ह्या नामांतून स्थान कळते, कौशल्य कळत नाही. २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम घोषित झाला, तरी ह्या नामावलीत मूत्रपिंड-परिचर्येचा निर्देश आला नाही. सातव्या वेतन आयोगानंतर आरंभीचे मूळ वेतन अधिपरिचारिकेस ३५,४०० रुपये, तर नागपुरातीलच केंद्रीय एम्समधील परिचर्या अधिकाऱ्यास ४४,९०० रुपये ठरले. बढती मिळते ती देखरेखीची. डायलिसिस यंत्राजवळ मुरलेला हात त्यामुळे यंत्रापासूनच दुरावतो. ज्या कौशल्यास पदनाम नाही, त्यास वेतनश्रेणीही लाभत नाही, असे म्हणणे प्राप्त आहे.