वांगाचे डाग आणि टायरोसिनेज: क्रीममधली रसायनं नेमकं काय करतात?

चेहऱ्यावर वांग येणं किंवा पिंपल गेल्यावर काळा डाग उरणं, हे हायपरपिग्मेंटेशनचे प्रकार. अशा जागी त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य गरजेपेक्षा जास्त साठतं.

मेलॅनिन कसं बनतं?
मेलॅनोसाइट पेशींमध्ये टायरोसिनेज नावाचं एन्झाइम असतं. ते टायरोसिन या अमिनो आम्लाचं डोपाक्विनोन करतं आणि पुढच्या टप्प्यांत त्याचं मेलॅनिन होतं. पहिल्याच टप्प्यावर ब्रेक लावला की पुढचं उत्पादन घटतं. या एन्झाइमच्या केंद्रात तांब्याचे दोन अणू असतात. कोजिक अ‍ॅसिड त्या तांब्यालाच जाऊन चिकटतं.

मशरूमची अडचण
अशी रसायनं शोधताना बरीच वर्षं मशरूममधलं टायरोसिनेज वापरलं गेलं, कारण ते स्वस्त आणि सहज मिळतं. पण माणसाचं एन्झाइम रचनेने वेगळं आहे. टेस्ट सर्व्हरवर चाललेला कोड प्रॉडक्शनवर चालेलच असं नाही, तसंच हे!

बायर्सडॉर्फ या जर्मन कंपनीच्या संशोधकांनी ५०,००० संयुगं थेट मानवी टायरोसिनेजवर तपासली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात थायमिडॉल सर्वांत प्रभावी ठरलं. एन्झाइमचं काम निम्म्यावर आणायला किती प्रमाण लागलं ते पाहा:

- थायमिडॉल, मानवी एन्झाइम: १.१ मायक्रोमोलर
- थायमिडॉल, मशरूमचं एन्झाइम: १०८ मायक्रोमोलर
- कोजिक अ‍ॅसिड, मानवी एन्झाइम: ५०० हून जास्त

म्हणजे फक्त मशरूमवर तपासलं असतं, तर थायमिडॉल कदाचित यादीत मागेच पडलं असतं. अर्थात, ही कंपनी स्वतःच थायमिडॉलची उत्पादनं विकते, हेही लक्षात ठेवायला हवं.

परिणामकारक म्हणजे सुरक्षित नाही
जपानच्या कानेबो कंपनीला २०१३ मध्ये रोडोडेंड्रॉल असलेली उत्पादनं बाजारातून परत घ्यावी लागली. हजारो ग्राहकांच्या त्वचेवर पांढरे चट्टे पडले होते. टायरोसिनेजला अडवायला आणलेल्या या रसायनाचं टायरोसिनेजच विषारी पदार्थात रूपांतर करत होतं आणि त्याने मेलॅनोसाइट पेशीच मरत होत्या.

मग क्रीम घेताना काय बघायचं?
‘टायरोसिनेज रोखतं’ एवढा दावा पुरेसा नाही. चाचणी कुठल्या एन्झाइमवर झाली, माणसांवर झाली का आणि किती काळ, हे विचारा. हायड्रोक्विनोन किंवा स्टेरॉइड असलेलं क्रीम त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय लावू नका. आणि सनस्क्रीन टाळू नका, कारण ऊन लागलं की मेलॅनिनचं उत्पादन पुन्हा वाढतं.