मंडईचा खर्च आणि स्वच्छतेचे गुण

ज्या मंडईला आपण महात्मा फुल्यांचे नाव दिले, ती बांधण्यास फुल्यांचाच विरोध होता. शनिवारवाड्यापुढे उघड्यावर भरणारा बाजार छपराखाली आणण्याचा बेत निघाला, तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीरावांचे म्हणणे पडले की, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्चावा. मंडई १८८६ साली उघडली; नाव मिळाले गव्हर्नर रे यांचे. इमारत देखणी झाली यात वाद नाही. पण सार्वजनिक पैसा कोणासाठी, हा जोतीरावांचा प्रश्न बाजाराच्या स्वच्छतेलाही लागू पडतो.

१९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याचा भर नमुन्यावर होता. निरीक्षकाने दूध वा तेल घ्यावे, तीन भाग करून मोहोरबंद करावेत, एक तपासणीस धाडावा. पदार्थात काय मिसळले ते कळे. रांधणाऱ्याच्या मोरीला पाणी येते का, हे बाटलीत कसे उतरणार?

२००६ चा अन्नसुरक्षा कायदा २०११ मध्ये अमलात आला आणि नजर भटारखान्याकडे वळली. पाणी, गटार, उंदीर-झुरळे, साठवण, कामगाराची वार्षिक वैद्यकीय तपासणी, सारे नियमांत आले. पुढे त्याच आधारावर गुणांकनाची ऐच्छिक योजना निघाली. परवाना वा नोंदणी असलेल्या खानावळीची ठरलेल्या यादीप्रमाणे पाहणी व्हायची आणि एकापासून पाचापर्यंत हसरे चेहरे मिळायचे. ते गिऱ्हाइकाला दिसतील असे लावायचे. वेल्समध्ये २०१३ पासून असा आकडा दारावर लावणे सक्तीचे झाले. ऐच्छिक योजनेत मागेल त्याचीच परीक्षा. नापासाची भीती असलेला तिला बसेल कशाला?

शिवाय प्रशस्तिपत्र मालकाच्या गल्ल्यामागे लागते, ते मिळवतो मात्र कपबशा विसळणारा पोरगा. त्याला साबण, पुरेसे पाणी आणि आजारात भरपगारी रजा नसेल, तर तो ताप अंगावर काढूनच पोळ्या लाटणार. वैद्यकीय दाखल्यावर वर्षातला एकच दिवस असतो. हातगाडीवाल्याची तर गोष्टच निराळी. नळ आणि गटार पालिकेच्या हाती. गुण मात्र त्याचे कापायचे! अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या खाऊगल्लीला २०१८ मध्ये स्वच्छ पथखाद्य केंद्र ठरवताना एकेक गाडा न पाहता सबंध जागा धरली. मला ही रीत न्यायाची वाटते.

पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली, ती कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात चांगले अन्न मिळावे म्हणून. तिथे खाणारा आणि चालवणारा एकाच पंचायतीचा. भाकरी कच्ची राहिली, तर तक्रार करायला त्याला निरीक्षकाची वाट पाहावी लागत नाही.