तीन तास वीस मिनिटं

कार्यानुभवाचा तास आठवतोय? खडू, मेणबत्त्या आणि गुणपत्रिकेवर एक श्रेणी. त्याची मुळं वर्ध्यात आहेत. ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. आपला बुलढाणा तेव्हा त्याच मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने साडेपाच तासांच्या शाळेतले ३ तास २० मिनिटं हस्तोद्योगाला दिली. सूत कातता कातता गणित शिकायचं, कापसातून भूगोल. कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' नावाने कामाला पुन्हा शाळेत आणलं. वेळापत्रकात मात्र त्याच्या वाट्याला एक कोपराच आला. म्हणून सुट्टीत कापूस वेचणारं, गॅरेजात पाना धरणारं पोर दहावीत गणितात अडलं, की पूर्वी 'नापास' एवढंच उरायचं. हातांनी शिकलेलं शाळेत फारसं मोजलं जात नाही.