वायफाय का चालत नाही? लिनक्स, लॅपटॉप आणि दडवलेल्या कागदांचा इतिहास

१/ 🧵
एखादा विद्यार्थी आपल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवतो. पडदा उजळतो, कीबोर्ड चालतो, आवाजही येतो. वायफायचे चिन्ह मात्र काही केल्या दिसत नाही. ‘लिनक्स अजून कच्चे आहे’ असा निष्कर्ष काढून तो पुन्हा जुन्या प्रणालीकडे वळतो. हा निष्कर्ष कितपत खरा आहे, हे तपासायचे तर जवळजवळ पंचेचाळीस वर्षे मागे जावे लागते.

२/
आधी एक संकल्पना. संगणकातील प्रत्येक चिपची स्वतःची भाषा असते. कोणत्या जागी कोणता आकडा लिहिला असता ती काय करते, याची जंत्री तिच्या निर्मात्याकडे असते. त्या जंत्रीच्या आधारे प्रणाली आणि चिप यांच्यात दुभाष्याचे काम करणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. जंत्री हाती असली तर ड्रायव्हर लिहिणे कष्टाचे पण सरळ काम असते. ती दडवलेली असली तर सारेच अंधारात चाचपडणे. पुढील इतिहास मुख्यतः या जंत्रीचा आहे.

३/
१९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक लेझर प्रिंटर भेट दिला. तो वारंवार अडकत असे. आधीच्या प्रिंटरचा मूळ कोड उपलब्ध होता, त्यामुळे रिचर्ड स्टॉलमन यांनी त्यात बदल करून कागद अडकताच सूचना मिळण्याची सोय केली होती. नव्या प्रिंटरचा कोड मात्र मिळेना. तो ज्यांच्याकडे होता त्या प्राध्यापकांनी गुप्ततेच्या कराराचे कारण देऊन नकार दिला.

४/
यंत्र प्रयोगशाळेच्या मालकीचे, दुरुस्ती करू शकणारा माणूस तेथेच हजर, आणि तरीही दुरुस्ती अशक्य! या अनुभवाने स्टॉलमन यांच्या विचारांना दिशा दिली. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली: वापरणे, अभ्यासणे, बदलणे आणि वाटणे यांचे स्वातंत्र्य देणारी संपूर्ण प्रणाली उभारायची. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे एक मूळ असे ड्रायव्हरच्याच प्रश्नात आहे.

५/
दशकभरात ग्नूची बहुतेक साधने तयार झाली. थेट हार्डवेअरशी बोलणारा गाभा, म्हणजे कर्नल, मात्र अपुरा राहिला. ती उणीव भरून काढली एका विद्यार्थ्याने. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने जानेवारी १९९१ मध्ये ३८६ प्रोसेसरचा संगणक हप्त्यांवर घेतला आणि त्यावर प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी अध्यापनासाठी लिहिलेली मिनिक्स ही प्रणाली बसवली.

६/
मोडेमवरून विद्यापीठाच्या संगणकाशी जोडले जाण्यासाठी त्याने स्वतःचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. पुढे फाइल उतरवून साठवण्याची गरज भासली, म्हणून डिस्कचा ड्रायव्हर लिहिला. मग फाइलव्यवस्था आली. एकेक यंत्र चालवण्याच्या खटपटीतून प्रणाली आकाराला येत गेली. एकदा तर मोडेमऐवजी चुकून हार्ड डिस्कलाच ‘डायल’च्या आज्ञा गेल्या आणि मिनिक्सचा भाग उद्ध्वस्त झाला. मिनिक्स पुन्हा बसवण्याऐवजी त्याने स्वतःच्या प्रणालीवरच विसंबायचे ठरवले. विद्यार्थ्याने आपला संगणक लिनक्सवर नेण्याची ही पहिली घटना. तीही अपघाताने घडली!

७/
२५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने या प्रणालीची जाहीर वाच्यता केली. त्या प्रसिद्ध निवेदनातील ‘हा केवळ छंद आहे’ हा भाव सर्वांना ठाऊक असतो. त्याच निवेदनात हार्डवेअरविषयीही एक कबुली होती: एटी प्रकारच्या हार्ड डिस्कखेरीज दुसरे काही ही प्रणाली बहुधा कधीच चालवणार नाही, कारण त्याच्याजवळ तेवढेच होते.

८/
त्या कबुलीत लिनक्सच्या वाढीची रीत दडलेली आहे. ज्याच्याजवळ जे यंत्र, त्याने त्याचा ड्रायव्हर लिहायचा आणि सर्वांना द्यायचा. १९९२ मध्ये लिनक्स ग्नूच्या जीपीएल परवान्याखाली आले आणि या देवाणघेवाणीला कायद्याचे अधिष्ठान लाभले. आज कर्नलच्या एकूण कोडपैकी निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरचाच आहे.

९/
नव्वदच्या दशकात टेबलावरच्या संगणकाचे एक बरे होते. एखादे कार्ड चालले नाही, तर ते काढून दुसरे बसवता येई. कष्ट तेव्हाही होतेच. चित्रमय पडद्यासाठी मॉनिटरची वारंवारता हाताने लिहावी लागे आणि ती चुकली तर मॉनिटर खराब होण्याची भीती असे.

१०/
लॅपटॉपने ही सोय हिरावून घेतली. त्यात काय बसवायचे हे कारखान्यातच ठरते. डेव्हिड हाइंड्स यांनी पीसीएमसीआयए कार्डांसाठी लिहिलेल्या प्रोग्राममुळे लॅपटॉपच्या खाचेत बसणारी नेटवर्क कार्डे आणि मोडेम लिनक्सवर चालू लागली. जगभरचे वापरकर्ते ‘या मॉडेलमध्ये अमुक चालते, तमुक चालत नाही’ अशा याद्या जपू लागले. निर्मात्यांनी न दिलेली जंत्री ग्राहकांनी आपल्या परीने घडवली.

११/
भारतात त्या काळी पीसीक्वेस्टसारख्या मासिकांसोबत येणाऱ्या सीडींमुळे अनेकांना लिनक्सची ओळख झाली. सीडी हाती आली तरी वाटेत ‘विनमोडेम’चा अडसर असे. स्वस्तात विकता यावा म्हणून या मोडेमचे बरेचसे काम विंडोजवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरकडे सोपवलेले असे. ते सॉफ्टवेअर काढले की उरे ते बहुतांशी निर्जीव कार्ड. ज्याला महाग यंत्र परवडत नाही, त्याच्याच वाट्याला बंदिस्त यंत्र अधिक येते, हे सूत्र येथून पुढे वारंवार दिसते.

१२/
लॅपटॉपचे झाकण मिटले की तो झोपावा आणि उघडले की जागा व्हावा, यासाठी इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले. मायक्रोसॉफ्टविरुद्ध अमेरिकेतील आयोवा राज्यात चाललेल्या खटल्यात बिल गेट्स यांचे जानेवारी १९९९ चे एक अंतर्गत पत्र पुढे आले. एवढी मेहनत आपण करायची आणि लिनक्सने आयते उत्तम चालायचे, याविषयीची खंत त्यात होती. मानकाचे विस्तार विंडोजपुरते राखता येतील काय, अशी विचारणाही होती. तसे प्रत्यक्ष घडले, हे या पत्राने सिद्ध होत नाही. हेतूचा पुरावा म्हणून मात्र ते बोलके आहे.

१३/
मग वायफायचे युग आले. अनेक लॅपटॉपांत ब्रॉडकॉम कंपनीची चिप असे आणि लिनक्ससाठी तिची जंत्री उपलब्ध नव्हती. २००३ च्या सुमारास ‘एनडीआयएसरॅपर’ हा उपाय निघाला: विंडोजचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आणून त्याला आपण विंडोजमध्येच आहोत असे भासवायचे. काम भागे, पण आत काय चालले आहे हे कोणालाच दिसत नसे आणि बिघाड झाला तर दुरुस्तीही शक्य नसे.

१४/
काही स्वयंसेवकांनी अवघड वाट धरली. ब्रॉडकॉमच्या चिपचा एक बंदिस्त ड्रायव्हर लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये होता. एका गटाने त्यातील यंत्रभाषेचा अभ्यास करून चिपचे वर्तन साध्या इंग्रजीत लिहून काढले. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे न पाहता, केवळ त्या टिपणांवरून नवा ड्रायव्हर लिहिला. नक्कल केल्याचा आरोप टिकू नये, यासाठी ही काटेकोर विभागणी होती.

१५/
इतिहासाच्या अभ्यासकाला ही पद्धत परकी वाटणार नाही. १८३० च्या दशकात जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीची अक्षरे अशीच लावली: पुनरावृत्ती शोधायची, तर्क करायचा, दुसऱ्या लेखावर तो पडताळायचा. फरक इतकाच, की ब्राह्मीची जंत्री काळाच्या उदरात गेली होती आणि या चिपची जंत्री कंपनीच्या कपाटात सुरक्षित होती. या श्रमांतून साकारलेला ‘बीसीएम४३एक्सएक्स’ हा ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नलमध्ये दाखल झाला.

१६/
तरीही एक गाठ उरली: फर्मवेअर. चिपच्या आतही एक छोटा संगणक असतो आणि सुरू होताना त्याला कंपनीचा प्रोग्राम पुरवावा लागतो. तो वाटण्याची परवानगी नसल्याने प्रत्येकाने विंडोजच्या ड्रायव्हरमधून तो स्वतः काढून घ्यायचा, अशी विचित्र स्थिती आली. गंमत अशी, की फर्मवेअर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी फर्मवेअर! अनेक विद्यार्थ्यांची उमेद याच टप्प्यावर खचली.

१७/
हळूहळू दारे किलकिली झाली. सप्टेंबर २००७ मध्ये एएमडीने आपल्या ग्राफिक्स चिपची कागदपत्रे खुली करण्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने नव्या वायफाय चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला. २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडियाचा जाहीर आणि असभ्य शब्दांत उद्धार केला. त्या कंपनीने कर्नलमध्ये चालणारे आपले मॉड्यूल खुले केले ते मे २०२२ मध्ये.

१८/
या कंपन्यांचे मन केवळ आवाहनांनी वळले नाही. दरम्यान जगभरच्या सर्व्हरांवर लिनक्स स्थिरावले होते आणि २००८ पासून अँड्रॉइडच्या रूपाने ते खिशात येऊन बसले होते. जंत्री दडवणे आता तोट्याचे ठरू लागले. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपला त्या मोठ्या बाजाराचा लाभ आडवाटेने मिळाला.

१९/
महाराष्ट्राचाही या कथेशी संबंध आहे. निकोलस नेग्रोपाँटे यांच्या ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या प्रकल्पातील लिनक्सचा छोटा लॅपटॉप २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात एका वाडीवरच्या शाळेत आला. संपूर्ण मुक्त यंत्राचा आदर्श सांगणाऱ्या या लॅपटॉपच्या वायफाय चिपचे फर्मवेअर मात्र बंदिस्तच होते आणि त्यावरून जाहीर टीकाही झाली.

२०/
पुढे सरकारे मोठी ग्राहक म्हणून उतरली. २०११ मध्ये तामिळनाडूने विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटण्यास सुरुवात केली. त्यांत विंडोजसोबत सी-डॅकचे ‘बॉस लिनक्स’ही दिले गेले. केरळच्या शालेय संगणकशिक्षणात तर मुक्त सॉफ्टवेअर हाच पाया ठरला. एकटा विद्यार्थी कंपनीला अट घालू शकत नाही. लाखो यंत्रांची मागणी नोंदवणारे शासन मात्र ‘सर्व भाग लिनक्सवर चालले पाहिजेत’ ही अट निविदेतच लिहू शकते.

२१/
२०१२ मध्ये विंडोज ८ सोबत ‘सिक्युअर बूट’ आले: मान्यताप्राप्त सही असलेली प्रणालीच सुरू होणार. घातक प्रोग्राम रोखणे हा उद्देश योग्य होता; पण सहीची किल्ली मायक्रोसॉफ्टकडे होती. अखेर ‘शिम’ नावाचा छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टकडूनच सही करून घेऊन लिनक्सने वाट काढली. आपल्याच लॅपटॉपवर काय चालावे हे ठरवणारी किल्ली कोणाच्या हाती असावी, हा वाद त्यातून पुन्हा उभा राहिला.

२२/
तत्त्व आणि व्यवहार यांचा झगडा चळवळीच्या आतही होता. मुक्ततेबाबत कर्मठ मानल्या जाणाऱ्या डेबियनच्या सदस्यांनी २०२२ मध्ये मतदान करून बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेण्याचा निर्णय केला. जून २०२३ मधील डेबियन १२ पासून तो अमलात आला. नवागताचे वायफाय पहिल्याच दिवशी चालू लागले. त्यासाठी चळवळीला आपल्या एका व्रताला मुरड घालावी लागली.

२३/
ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे कितीतरी धडधाकट लॅपटॉप उघड्यावर पडले. त्यांना लिनक्सवर नेण्याआधी पेनड्राइव्हवरून ते नुसते चालवून पाहावे. डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा आणि झाकण मिटून उघडणे एवढे तपासावे. वायफाय दिसले नाही तर फोन यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट घ्यावे. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘एनएन’ या पर्यायासह दिली की प्रत्येक चिपचा कुलक्रमांक दिसतो. इंटेलचा कुलक्रमांक आहे ८०८६, म्हणजे तिच्या १९७८ च्या विख्यात प्रोसेसरचेच नाव! त्या क्रमांकावरून नेमका ड्रायव्हर शोधता येतो.

२४/
आता पहिल्या निष्कर्षाकडे पाहता येईल. वायफाय चालत नाही तेथे बहुधा लिनक्सचा कच्चेपणा नसतो. निर्मात्याने न दिलेली जंत्री असते. आणि जेथे ते निमूट चालते, तेथे कोणीतरी ती मिळवलेली, मागून घेतलेली किंवा अक्षर अक्षर लावून वाचलेली असते. विकत घेतलेल्या यंत्राची माहिती घेणाऱ्याला मिळावी की नाही, हा त्या प्रिंटरपाशी उभा राहिलेला प्रश्न अजून मिटलेला नाही. म्हणून पुढचा लॅपटॉप घेताना किमतीसोबत दुकानदाराला एवढेही विचारावे: ‘यात वायफायची चिप कोणती?’