स्टार्टर सेटचा चुकीचा भागाकार

टेबलावर सैन्य मांडून खेळायच्या युद्धखेळांकडे नवा माणूस वळला की जुने खेळाडू त्याला एक हिशेब शिकवतात. पेटीची किंमत घ्यायची, आतल्या सैनिकांच्या संख्येने भागायची, आणि आकडा लहान आला तर बिनधास्त विकत घ्यायची. दाखला बहुतेक वेळा ‘लेव्हायथन’चा असतो. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने २०२३ साली ‘वॉरहॅमर ४०,०००’च्या दहाव्या आवृत्तीबरोबर ही पेटी काढली. किंमत १५० पौंड, आत दोन विरोधी फौजांचे ७२ सैनिक: २५ स्पेस मरीन आणि ४७ टिरॅनिड. नगामागे दोन पौंडांहून थोडे जास्त. सुट्या पेट्यांच्या मानाने हे फारच स्वस्त, यात शंका नाही. त्याला जोडून दुसरा सल्ला येतो: नको असलेली फौज विकून टाका, म्हणजे पेटी निम्म्यात पडेल.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. ज्याच्याकडे आधीच टिरॅनिडांची फौज आहे आणि दर आठवड्याला खेळायला गडी आहे, त्याच्यासाठी तो बरोबरच आहे. पण तो माणूस नवखा नव्हे. नवख्याला हाच भागाकार शिकवणे मला सरळ चुकीचे वाटते, कारण भाजक चुकला आहे. त्याने किंमत भागायची ती सैनिकांनी नव्हे, प्रत्यक्ष खेळल्या जाणाऱ्या डावांनी.

पेटी उघडली की ७२ सैनिक उभे राहत नाहीत. प्लॅस्टिकच्या चौकटींत अडकलेले हात, पाय, पंजे, बंदुका हाती येतात. एकेक तुकडा कटरने तोडायचा, तोडल्या जागचा खुंट सुरीने तासायचा, साच्याच्या दोन अर्ध्यांची जी बारीक रेघ अंगावर उमटलेली असते ती खरवडायची, मग जोडायचे. खुंट नीट तासला नाही तर सांधा पुरता बसत नाही आणि खांद्याशी फट राहते. ती रंग दिल्यावर जास्तच डोळ्यांत भरते. नंतर रंगाआधीचा थर, म्हणजे प्रायमर. कोकणात किंवा मुंबईत भर पावसाळ्यात स्प्रेचा डबा वापरणाऱ्याने जपावे, कारण दमट हवेत तो थर खरखरीत बसू शकतो आणि चेहऱ्यावरचे कोरीवकाम बुजते. हे सगळे एका सैनिकासाठी. वाढत्या संख्येबरोबर दर उतरतो तसे कामही वाढते, आणि ते काम नवख्याच्याच वाट्याला येते. किंमत वाजवी असूनही पेटी कपाटात अर्धवट पडून राहते ती इथे.

‘नियमांचे जाडजूड पुस्तक आत आहे’ हा युक्तिवादही फार टिकत नाही. दहाव्या आवृत्तीचे मूळ नियम कंपनीने विनामूल्य उतरवून घ्यायला ठेवले होते, आणि त्याच वर्षी टिरॅनिड व स्पेस मरीन या दोन्ही फौजांची स्वतंत्र पुस्तके बाजारात आली.

खरा आक्षेप मात्र अर्धी फौज विकण्याच्या सल्ल्यावर आहे. बुद्धिबळाच्या डब्यातले काळे मोहरे विकून पांढरे स्वस्तात पडले म्हणावे, तसा हा व्यवहार आहे. स्टार्टर सेटमधली मोलाची वस्तू म्हणजे समोरची फौज. ज्या गावात हा खेळ कुणी खेळत नाही, तिथे बहीण, मित्र, शेजारचा मुलगा यांच्यातून खेळाडू घडवावा लागतो, आणि त्याच्या हाती द्यायला काहीतरी हवे. त्याने पहिल्याच दिवशी हजारो रुपये घालावेत ही अपेक्षा कशी करायची? कंपनीलाही हे पूर्वीपासून ठाऊक आहे. याच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या १९९३ सालच्या पेटीत स्पेस मरीन होते तसे त्यांच्याशी लढायला ऑर्कही होते. ऑर्कांचे एक अजस्र यंत्र तर चक्क पुठ्ठ्याचे होते. दोन बाजू पुऱ्या होणे महत्त्वाचे होते.

त्याच्याही मागे जायचे तर एच. जी. वेल्सचे १९१३ सालचे ‘लिटल वॉर्स’ पाहावे. पायदळाने एका खेळीत एक फूट सरकायचे, घोडदळाने दोन, आणि स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने समोरचे शिपाई खरोखर पाडायचे. जमीन हेच रणांगण, लाकडी ठोकळ्यांची घरे. वेल्सला हा खेळ सुचला तो पाहुण्याने तोफेतून शिपाई पाडून दाखवला आणि दुसऱ्यालाही ईर्ष्या चढली म्हणून. दोघे भिडले आणि खेळ सुरू झाला. शिपायांचा साठा नंतर वाढत गेला.

म्हणून नवख्याने सर्वांत लहान पेटीपासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. दाखल्याला ‘वॉरहॅमर ४०,०००’च्या दहाव्या आवृत्तीचा सर्वांत लहान प्रवेश-संच घ्या. त्यात दोन्ही बाजूंचे मोजके सैनिक, थोडे रंग, ब्रश आणि कटर होता. नगामागे दर पाहिला तर तो मोठ्या पेटीपुढे हरतो. पण तो सुट्टीच्या दोन-तीन दिवसांत जोडून होतो, आणि रंग न देताही संध्याकाळी डाव मांडता येतो. समोरच्याला रुचले नाही तर नुकसान लहान. रुचले तर त्याने कोणती फौज घ्यायची हे त्याला खेळूनच कळलेले असते.

यावर शेवटचा बचाव असा की मोठी पेटी मर्यादित असते, आज घेतली नाही तर पुन्हा मिळणार नाही. पेटी मिळणार नाही, हे खरे. पण लेव्हायथनमधले बॅलिस्टस ड्रेडनॉट आणि स्क्रीमर-किलर हे नग पुढे स्वतंत्र विकायला आलेच. सुटे घेताना जास्त पैसे पडतात, पण तेव्हा घेणाऱ्याला ते हवेच असतात.