नाव बंदराचे, नाव मातीचे

सतराव्या शतकात तापीकाठच्या सुरत शहरी इंग्रजांची वखार होती, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्या वखारीच्या मेजावर कोणते पेय असे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तेथे इराणातील शिराझची द्राक्षमदिरा येई. डोंगराळ मुलखातून ती समुद्रकाठी उतरे, गलबतात चढे आणि सुरतेस पोहोचे. एवढ्या प्रवासात तिला वाटेवरच्या कोणत्याही बंदराचे नाव चिकटले नाही. ती अखेरपर्यंत शिराझचीच राहिली.

सुरतेतून बाहेर पडणाऱ्या जिनसांचे नशीब निराळे होते. तंबाखू या बंदरातून उत्तरेकडे गेली, आणि हिंदी मुलखात तिचे नावच 'सुरती' पडले. कापसाची कथा अधिक बोधप्रद आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या कापसावर भागवावे लागले. त्या साऱ्या कापसास व्यापारात 'सुरत' हे एकच नाव होते. वास्तविक सुरत-नवसारीकडील कापूस देशी जातींत उत्तम गणला जाई. परंतु आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला मालही त्याच नावाखाली खपे. परिणामी 'सुरत' म्हणजे भेसळ, असा अर्थ इंग्रजीत रूढ झाला. आपल्या बिअरला कोणी 'सुरत' म्हटले, म्हणून १८६३ मध्ये एक कारखानदार अब्रूनुकसानीची दाद मागण्यास न्यायालयात गेला! दोष व्यापाऱ्याचा, बदनामी गावाची, आणि नुकसान मात्र निर्मळ कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे.

फ्रेंच द्राक्षबागाइतदारांपाशी 'तेरुआर' असा एक शब्द आहे. माती, उतार, पाऊस, वारा आणि मशागतीची रीत यांच्या मेळातून फळात उतरणारा गुण, असा त्याचा आशय. १९३५ मध्ये फ्रान्सने अशा भूमिनामांना कायद्याचे संरक्षण दिले.

सुरतेच्या पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत आणि दमट हवेत द्राक्षवेल रमत नाही. शिवाय गुजरातेत राज्यस्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. पण सह्याद्री चढून नाशिककडे यावे. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंची, निचऱ्याची मुरमाड जमीन, हिवाळ्यातील थंड रात्री! येथे वेल वर्षातून दोनदा छाटतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. दोन-चार एकरांच्या बागेत घरची सारी माणसे घडांची विरळणी करीत असतात. कोणी शेणखतावर भर देऊन विषारी फवारण्या टाळू पाहतो.

भौगोलिक निर्देशांचा भारतीय कायदा १९९९ मध्ये संमत झाला व २००३ मध्ये अमलात आला. त्याखाली पुढे नाशिकच्या द्राक्षांची आणि नाशिक खोऱ्याच्या वाइनची नोंद झाली. मोठ्या कारखान्यापाशी जाहिरातीचे बळ असते. लहान कुटुंबापाशी आपल्या मातीचे नाव, एवढेच भांडवल असते. मात्र नोंदवहीतले नाव स्वतःचे रक्षण करीत नाही. उद्या कोठलाही रस या नावाने बाटलीत भरला गेला, तर नाशिकचीही 'सुरत' होण्यास वेळ लागणार नाही.